पाटी लावण्याआधी

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
आपल्या गावचं मंडळ
(ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोली, घणसोली आणि जिथे जिथे आपली माणसं पांगली आहेत तिथे)

विषय : 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे यायचा पाटीचा ठराव

मंडळींनो, रामराम.

तुमचा ठराव पोचला. वेशीवरच्या कमानीला लोखंडी पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं : ‘जमीन दलालांना गावात येण्यास सक्त मनाई.’ खर्च मंडळ करणार, गावानं फक्त हात वर करायचे. तात्यांच्या जमिनीचं जे झालं ते पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून, असं खाली लिहिलंय.

माझा हात वर जाईल की नाही ते अजून ठरलेलं नाही. तुम्हाला तात्यांच्या जमिनीचं काय झालं ते माहीत आहे. तात्यांचं काय झालं ते फारसं माहीत नाही, आणि त्यात तुमचा फार दोषही नाही, कारण मी चाळीस पावलांवर राहून मलाही उशिराच कळलं. पत्र उघडं लिहितोय ते एवढ्याचसाठी की अशी मंडळं आणि असे तात्या फक्त आपल्याच गावात नाहीत. मुरबाड-शहापूरकडच्या कुणीही वाचावं.

आधी व्यवहाराचं सांगतो, म्हणजे ते एकदाचं बाजूला होईल. विकलं ते रस्त्याकडचं खाचर, वाडवडिलांचं नव्हे. गवताच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या धंद्यात चार पैसे सुटले होते, त्यातून तात्यांनी 1988 साली ते घेतलं. स्वतःच्या कमाईचं, त्यामुळे विकायला मुलांच्या सह्या लागत नव्हत्या. कोऱ्या कागदावर अंगठा, कुलमुखत्यारपत्र, असलं काही घडलेलं नाही. तात्या स्वतः मुरबाडला दुय्यम निबंधकाकडे गेले, कॅमेऱ्यासमोर बसले, बोट टेकवलं, खरेदीखत नोंदवून आले. कूळकायद्यानं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तर घेणाऱ्याकडे शेतकरी दाखला होता. भाव तेवढा पडता मिळाला, शेजारच्या सर्व्हे नंबरला मिळाला त्याच्या पाऊणपट. हे 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर. मग फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची, नोटीस चावडीवर लागली. हरकतीला 15 दिवस असतात. त्या 15 दिवसांत मी रोज दोनदा त्या फळ्यासमोरून दूध घालायला गेलो. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा तुमच्या गाड्या त्याच फळ्याला टेकून उभ्या होत्या. वाचली कुणीच नाही. ‘आम्हाला अंधारात ठेवलं’ असं ठरावात जे वाक्य आहे, ते काढा.

आता बाकीचं.

काकू 2016 ला गेली. तात्या तेव्हापासून एकटे पडले असं तुम्ही दहाव्याला म्हणत होतात. मीही तेच समजत होतो. पण काकू गेल्यावर तात्या बोलत होते, उलट जरा जास्तच. ते गप्प झाले 2019 ला, बैल विकल्यावर. म्हशाच्या यात्रेतून आणलेली जोडी होती, शेवटची. नांगरामागं चालणारा माणूस दिवसभर बोलत असतो हे तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. बैलाला शिव्या देतो, समजूत काढतो, सुनेची तक्रार सांगतो, पावसाला नावं ठेवतो. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याचं सगळं बोलून झालेलं असतं, म्हणून घरात तो गप्प. आपल्याला वाटायचं बाप अबोल आहे. टिलरशी काय बोलणार? त्या आवाजात स्वतःचंही ऐकू येत नाही.

आणि टिलर आला तशी सावड गेली. नव्या पोरांसाठी सांगतो : आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आज माझ्या शेतावर चार औतं, उद्या तुझ्या, परवा त्याच्या, पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, दुपारची भाकरी ज्याचं शेत त्याच्याकडे. सावडीला आपण आता फार गोड करून सांगतो. मंडळाच्या स्मरणिकेत तर ‘प्रेमाचा धागा’ छापलं होतं. प्रेमबीम काही नव्हतं. पक्का हिशोब होता, अर्ध्या दिवसाचासुद्धा. पण त्यात एक भानगड अशी होती की ज्याच्याशी बांधावरून वाजलंय त्याच्याही चिखलात उतरावं लागायचं, कारण त्याचे बैल आपल्याला लागणार असायचे. दुपारी त्याच्याच बांधावर, त्याच्याच बायकोनं थापलेली भाकरी खायची. तोंड वाकडं करून किती दिवस खाणार? पाऊस संपेस्तोवर भांडणही संपायचं.

माझं आणि तात्यांचं भांडण 2011 चं. बांध दीड फूट कुणाचा यावर. मोजणी आणली, भूमापक आला, दगड रोवले, दीड फूट माझा निघाला. मी जिंकलो. त्यानंतर सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सावड असती तर एका आवणीत मिटलं असतं, पण तोवर माझ्याकडे टिलर होता आणि मला त्यांचे बैल लागत नव्हते. दीड फुटात वर्षाला किती भात होतो ते विचारू नका, कोंबड्या खातात तेवढा.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते ‘काय तात्या, बरं हाय ना?’ एवढंच. तेही गाडी बंद न करता.

नळाचंही तसंच झालं, पण त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. विहिरीवर बायका काय काय बोलायच्या याचं कौतुक पुरुषांनाच फार, हंडे त्यांनी कधी उचललेले नसतात. शिवाय बायकांचं बरं असतं, त्यांना बचतगटाची बैठक आहे, भजन आहे, कुणाच्या हळदीला पापड लाटायला जायचं आहे. म्हाताऱ्या बाईला कुणीतरी ‘ये गं, लसूण सोलायला बस’ म्हणतं. म्हाताऱ्या पुरुषाला असं कोण म्हणणार? त्याला कशाला बोलवायचं तेच कुणाला सुचत नाही. चावडीवर बसायचे ते एकेक करून गेले. पारावर आता पोरं मोबाईल घेऊन असतात, म्हातारा आला की सरकून जागा देतात, आणि मग गप्प होतात. जागा दिल्यामुळेच म्हाताऱ्याला तिथे बसवत नाही.

तुमच्यातले काही म्हणतात, गावात कसला एकटेपणा, एकटे तर आम्ही इथे, समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नाही. मला ते पटत नाही असं नाही. पण तुमच्या समोरच्याला तुम्ही माहीतच नाही. इथे तात्या किती वाजता उठले, किती वाजता पडवीतला दिवा मालवला, हे आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आळीत नऊ घरं, चारांना कुलूप, उरलेल्या पाचांतून त्यांचा ओटा दिसतो. पूर्वी चुलीचा धूर दिसला की माणूस आहे म्हणायचं. आता गॅस, म्हणून ओट्यावर माणूस दिसला की आहे म्हणायचं. ‘दिसले’ म्हणजे झालं. दिसलेल्या माणसाकडे जायची गरज वाटत नाही.

2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. तात्या रोज सकाळच्या गाडीनं मुरबाडला जायला लागले. कधी तीच गाडी पकडून कल्याण. काम काही नाही. स्टँडवर बाकावर बसायचं, चहा घ्यायचा, दुपारच्या गाडीनं परत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, ‘तात्या, कल्याणला दुसरं लग्न केलंत काय?’ ते म्हणाले, ‘गाडीत बाजूला कोनतरी बसतं.’ मी हसलो. मला वाटलं तेही चेष्टाच करतायत.

दलाल त्यांना तिथेच भेटला. त्या दिवशी दुपारची गाडी आली नाही, त्यानं आपल्या गाडीतून गावात सोडलं. चाळिशीचा असेल. पांढरी गाडी, खिशाला दोन पेनं, फोनमध्ये तालुक्यातले सातबारे. पुढच्या गुरुवारी तो आला. मग प्रत्येक गुरुवारी येत राहिला, साडेतीनच्या सुमारास. येताना मुरबाडहून खारी आणायचा, रक्तदाबाच्या गोळ्या आणायचा, कानाच्या मशीनचे सेल आणायचा. ते सेल बारीक असतात, तात्यांच्या बोटांना धरता येत नसत. मशीन मुलानं ऐरोलीहून चांगलं भारीतलं आणून दिलं होतं, पण सेल संपला की ते आठवडाभर डब्यात. म्हणजे रविवारी मुलांचा फोन यायचा तेव्हा बऱ्याचदा तात्यांना ऐकूच यायचं नाही. ते अंदाजानं ‘हां, बरं हाय, तुमी बरं ना’ म्हणत राहायचे. मुलं चांगली आहेत, हे मी मुद्दाम लिहितोय. फोन एकही रविवार चुकला नाही. ज्येष्ठांसाठी सरकारचा 14567 नंबर आहे, तो मी स्वतः त्यांच्या भिंतीवर खडूनं लिहिला होता. ऐकू न येणाऱ्या माणसाला फोन नंबर लिहून देणारा मी शहाणा.

दोघं पत्ते खेळायचे. दोन माणसांत काय खेळणार, तर भिकार-सावकार. पोरांचा खेळ. मी माझ्या ओट्यावरून बघायचो. तात्या सावकार झाले की मांडीवर थाप मारायचे, ती मला ऐकू यायची. खेळाचं नाव बघून आता तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात तेव्हाच आलं होतं, आणि मी काहीही केलं नाही. गावात अशा गोष्टी बघून ठेवायच्या असतात, पुढे कधी बोलायला उपयोगी पडतात.

दोन वर्षांनी सही झाली. माझी खात्री होती, आता गाडी दिसणार नाही. पुढच्या गुरुवारी साडेतीनला गाडी आली. त्याच्या पुढच्याही. मला ते फार खुपलं. फसवून निघून गेलेला माणूस समजतो आपल्याला, त्याला शिव्या घालता येतात. हा खारी घेऊन परत येत होता.

एकदा वाटेत गाठून विचारलं, आता काय राहिलंय? मागचं खाचर? तो म्हणाला, ते देवाचं आहे, तात्या विकणार नाहीत, मी विचारलेलं नाही. मग सिगारेट पेटवून म्हणाला, ‘खरं सांगू काका? सही झाली की मी जाणं बंद करतो. बाकी ठिकाणी तसंच करतो. इथं जमलं नाही.’ बाकी ठिकाणी म्हणजे? तर सोमवारी एक म्हातारी, मंगळवारी एक रिटायर मास्तर, शनिवारी दोघं भाऊ एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणारे. प्रत्येकाचा वार ठरलेला. कुणाला काय आवडतं ते पाठ. बोलता बोलता त्याला फोन आला आणि तो म्हणाला, ‘आजी, जेवलात का? गोळी घेतली?’ तोच आवाज, तेच शब्द, जे मी तात्यांच्या ओट्यावरून ऐकत होतो. माझ्या अंगावर काटा आला. त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं, त्याचंच जास्त.

हे मी जाऊन तात्यांना सांगितलं. मला वाटलं आता म्हातारा खचेल. बांधाचा दीड फूट जिंकलो तेव्हासारखाच ताठ उभा राहून सांगत होतो. तात्यांनी पत्ते पिसणं थांबवलं नाही.

‘मना काय कळत नाय का रं? पयल्या दिवशीच समजला, हा कशाला आला. भाव बी कमी लावला त्यानं. पन तो बसतो.’

मग म्हणाले, ‘तू उभा का? बस ना.’

मला दूध घालायला जायचं होतं. मी गेलो.

शिमग्याच्या आठ दिवस आधी, बुधवारी रात्री तात्या गेले. गुरुवारी सकाळी ओट्यावर दिसले नाहीत. मी दोनदा तिथून गेलो. ओटा रिकामा होता, मला वाटलं गेले असतील एसटीनं. साडेतीनला गाडी आली. दार त्यानं ढकललं, पोलीस पाटलाला फोन त्यानं केला, दोन्ही मुलांना त्यानंच कळवलं, त्यांचे नंबर त्याच्याकडे होते. खांदाही त्यानं दिला. दहाव्याला तुमच्यापैकी एकानं विचारलं होतं, ‘हाच कसा पहिला पोचला?’ आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं होतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. उत्तर साधं आहे. त्या दिवशी गुरुवार होता.

मंडळाच्या वकिलांनी ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 काढलंय, असं कळलं. त्यात असं आहे की सांभाळायच्या अटीवर म्हाताऱ्यानं मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. चांगला कायदा आहे, प्रांतांकडे अर्ज करता येतो, ज्यांना गरज असेल त्यांनी जरूर करावा. पण इथे तो कसा लावणार? इथे अटच नव्हती. आणि सांभाळायचं जे थोडंफार झालं, ते त्या बाजूनंच झालं. आपल्या बाजूला ते कुणी लिहून दाखवायला गेलं तर अवघड जाईल, म्हणून म्हणतो, प्रांतांपुढे हे उकरू नका.

मी त्या माणसाची वकिली करतोय असं समजू नका. तो लबाडच आहे. एकट्या माणसांची यादी करून वार वाटून घेणारा माणूस चांगला असू शकत नाही. पण ती यादी त्यानं कुठून काढली? आपण त्यांना तसं ठेवलं होतं म्हणूनच ना? पाटी लागली तर तो वेशीबाहेर गाडी लावून चालत येईल, नाहीतर म्हाताऱ्यांना स्टँडवर भेटेल. एसटी फुकटच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पाटीचा विषय ग्रामसभेत येऊ द्या, पण शेवटी. त्याआधी चावडीवरच्या नोटिसांचं ठरवा. दर सोमवारी फळ्याचा फोटो कुणी काढायचा आणि तो तुमच्यापर्यंत कुणी पोचवायचा. मी काढायला तयार आहे, तसाही तिथून जातो. दुसरं, कमानीला आणि सभामंडपाला मंडळानं पैसे उभे केले, तसे पुढच्या वर्षी आवणीचे दोन शनिवार-रविवार उभे करा. पैसे नकोत, माणसं पाठवा. तुम्हाला आवणी येत नाही हे आम्हाला माहीत आहे. रोपं उलटी लावलीत तरी चालेल, मागून कुणीतरी सरळ करील. दुपारी बांधावर खायला बसा म्हणजे झालं. आणि आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंकडून विचारून घ्या, तुमच्या कुणाच्या आईच्या, कुणाच्या बापाच्या मशीनचे सेल संपलेत. त्या महिन्यातून एकदा घरात शिरतात, गावात तेवढं माहीत असलेलं दुसरं माणूस नाही.

आता शेवटचं, जे लिहू की नको यात हे पत्र चार दिवस पडून होतं.

तात्या गेल्यावर दोन गुरुवार गाडी आली नाही. तिसऱ्या गुरुवारी आली आणि माझ्या ओट्यापुढे थांबली. रस्त्याकडचं दुसरं खाचर माझं आहे. माझा मुलगा तुमच्यातच आहे, घणसोलीला, त्याला माहीत आहे. बायको माहेरी भावाच्या आजारपणात, दोन महिने झाले. मी त्याला ‘ये’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. त्यानं खारी काढली. मी चहा ठेवला. जमिनीचं तो बोलला नाही, पावसाचं बोलला. पत्ते तात्यांच्याच घरातले आहेत, मुलांनी सामान आवरताना टाकून दिलेले मी उचलून आणले होते.

परवा गुरुवारी गाडी आली नाही. पाऊस होता, नदीचं पाणी पुलाला लागलं होतं, तो येणं शक्यच नव्हतं. मी पाचपर्यंत ओट्यावर बसून होतो. दूध घालायला उशीर झाला.

सभा सकाळी अकराला आहे, झेंडावंदनानंतर. लवकर या.

तुमचाच,
आळीतल्या शेवटच्या घरचा
ता. मुरबाड, जि. ठाणे